ब्लॅक टाकी रिकामी केली तरी पॅनेलवर ‘फुल’, गाडीत वास आणि डिकीत गळकी नळी: आरव्हीत नेमकं काय चुकतं

आरव्ही, म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासची सोय असलेली गाडी घेऊन फिरणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. डंप स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी सोडायच्या जागी, टाकी रिकामी केली, बटण दाबून पाहिलं, तर पॅनेलवर ब्लॅक (मैल्याची) टाकी अजून भरलेलीच. दुसऱ्या दिवशी गाडी दुपारभर उन्हात उभी राहिली की बाथरूममधून वास यायला लागतो. मग टाकीत निळं औषध दुप्पट ओतलं जातं. वास जात नाहीच, वर औषधाचाही वास त्यात मिसळतो.

बहुतेक गाड्यांत मूळ कारण एकच निघतं: टाकीत पाणी कमी. म्हणून आधी टाकीचं बघू. मैला सोडायच्या नळीकडे शेवटी येऊ, कारण नळीचे अर्धे हाल टाकीमुळेच होतात.

अमेरिकेत पहिल्यांदाच आरव्ही भाड्याने घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. गाडीखाली तीन टाक्या असतात. फ्रेश म्हणजे वापरायचं स्वच्छ पाणी, ग्रे म्हणजे सिंक आणि शॉवरचं सांडपाणी, ब्लॅक म्हणजे संडासचा मैला. ब्लॅक टाकी बहुतेक गाड्यांत २५ ते ४० गॅलनची, म्हणजे साधारण ९५ ते १५० लिटरची. तिच्यातून ३ इंची पाईप निघतो, ग्रेचा बहुधा दीड इंची, आणि दोन्ही एकाच तोंडाशी येऊन मिळतात. प्रत्येकीला ओढायचा वेगळा दांडा असतो; तो ओढला की तिचा व्हॉल्व्ह उघडतो.

कोरडा तळ

भाड्याची गाडी ताब्यात मिळते तेव्हा ब्लॅक टाकी रिकामी असते, आणि रिकामी म्हणजे बऱ्याचदा ठणठणीत कोरडी. हँडओव्हरच्या अर्ध्या तासात जनरेटर, गॅस, स्लाइड-आउट (गाडीचा बाहेर सरकणारा भाग) सगळं दाखवतात, पण ‘आधी टाकीत पाणी घाला’ हे वाक्य हमखास राहून जातं. पहिल्या संध्याकाळी जे काही पडतं ते कोरड्या प्लॅस्टिकवर पडतं आणि सुकून चिकटतं. पुढच्या आठवड्याची सगळी कटकट इथेच सुरू होते.

पहिल्या वापराआधी आणि त्यानंतर टाकी रिकामी केली की प्रत्येक वेळी तळात ३ ते ४ गॅलन पाणी हवं. ११ ते १५ लिटर, म्हणजे आपल्याकडची आंघोळीची एक बादली. संडासचं पेडल दाबून धरा आणि पाणी जाऊ द्या, किंवा सरळ बादलीने ओता. औषध त्यानंतर, डब्यावर लिहिलेल्या मापाने. जिवाणू किंवा एन्झाइमवालं घ्या. फॉर्मल्डिहाइडवालं घेऊ नका. अनेक कॅम्पग्राउंडचा मैला सेप्टिक टँकमध्ये जातो आणि तिथले जिवाणू त्याने मरतात.

रोजच्या वापरातही तेच. बहुतेक आरव्ही संडासांत पेडल अर्धं दाबलं की भांड्यात नुसतं पाणी येतं, पूर्ण दाबलं की खालची झडप उघडते. आधी अर्धं दाबून भांड्यात पाणी घ्या, मग बसा. एका वेळी दोन लिटर पाणी गेलं तर चौघांच्या घरात दिवसाला वीसेक वेळा म्हणजे ४० लिटर. ३० गॅलनची टाकी (११३ लिटर) पावणेतीन दिवसांत भरते. ‘आठवडाभर पुरवली’ ही फुशारकी ज्यांची, त्यांच्याच टाकीत ढीग साचतो.

पाण्याने धुण्याची आपली सवय इथे कामाला येते. टमरेल किंवा हँड शॉवर वापरणाऱ्यांच्या टाकीत कागद कमी आणि पाणी जास्त जातं. टाकीला हवं असतं तेच. टाकी लवकर भरते एवढंच. कागद वापरत असाल तर त्याची परीक्षा सोपी आहे. बाटलीत पाणी घ्या, दोन-तीन चौकोन टाका, हलवा. अर्ध्या मिनिटात त्याचा भुगा झाला तर चालेल, पट्ट्या तशाच राहिल्या तर नको. मुलांचे ओले वाइप्स मात्र पाकिटावर ‘फ्लशेबल’ लिहिलेलं असलं तरी कचऱ्यातच.

हुकअप, म्हणजे बाहेरची जोडणी, नसलेल्या जागी पाणी जपावं लागतं हे खरंच. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात पाणी, वीज आणि सीवर (सांडपाण्याची गटारलाइन) तिन्ही जोडण्या मिळणारी जागा एकच, फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क. इतर कॅम्पग्राउंडवर टाकीत असेल तेवढ्यावर भागवायचं. अशा वेळी भांडी खळबळलेलं पाणी गाळून एका टबात ठेवा आणि तेच संडासात ओता. फ्रेश टाकी टिकते आणि ब्लॅक टाकीलाही पाणी मिळतं.

आता दुसरी चूक. कॅम्पसाइटवर सीवरची जोडणी मिळाली की अनेक जण नळी लावून ब्लॅकचा दांडा ओढूनच ठेवतात. कटकट मिटली असं वाटतं. प्रत्यक्षात पातळ भाग वाहून जातो आणि घट्ट मागे राहतो. संडासच्या अगदी खाली थर चढत जाऊन त्याचा सुळका होतो. कॅम्पर लोक त्याला पिरॅमिड म्हणतात. ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा आणि टाकी किमान दोन तृतीयांश भरली की उघडायचा. पाण्याचा लोंढाच घट्ट मैला ओढून नेतो. थोड्या पाण्यात ती ताकद नसते.

पॅनेल खोटं का बोलतं

टाकीच्या आतल्या भिंतीवर वेगवेगळ्या उंचीला धातूची बोंडं बसवलेली असतात. पाणी बोंडापर्यंत चढलं की त्यातून बारीक विद्युतप्रवाह वाहतो आणि पॅनेलवर दिवा लागतो. बोंडाभोवती कागदाचा ओला लगदा किंवा तेलाचा चिकट थर बसला की रिकाम्या टाकीतही प्रवाह वाहत राहतो. दिवा लागलेला म्हणजे टाकी भरलेलीच, असं म्हणून चालत नाही.

पेडल दाबून धरा आणि टॉर्च मारून आत बघा. खाली काळं पाणी चमकतंय, की कोरडा तपकिरी डोंगर दिसतोय, की स्वच्छ तळ? या बघण्यावर पुढचं सगळं ठरतं. तळ स्वच्छ दिसत असेल तर पॅनेलकडे दुर्लक्ष करा आणि दिवस मोजा. गाडी स्वतःची असेल तर बाहेरून चिकटवायचे सेन्सर मिळतात. ते मैल्याला लागतच नाहीत, त्यामुळे माखण्याचा प्रश्न येत नाही.

डोंगर झालाच असेल तर

व्हॉल्व्ह बंद करा. टाकी तीन चतुर्थांश भरेल इतकं पाणी घाला. कोमट चालेल, उकळतं नको; त्याने सीलं बिघडतात आणि एन्झाइमही निकामी होतात. नेहमीच्या दुप्पट एन्झाइम घाला आणि किमान २४ तास, जमलं तर तीन दिवस तसंच राहू द्या. मधे गाडी चालवली तर उत्तम, पाणी डचमळून कडा सुटतात. मग रिकामी करा. डोंगर निम्म्याने उतरला असेल तर हेच पुन्हा करा. दोन-तीन फेऱ्या धरून चाला.

संडासातून घालायचा फवारा-दांडा मिळतो. नळाला जोडून तो टाकीत उतरवला की फिरत्या धारांनी आतून धुतो. मधल्या पाईपला वळण नसलेल्या, संडास थेट टाकीवर असलेल्या गाडीत हे सर्वांत प्रभावी साधन.

ड्रेन क्लीनर, ॲसिड, संडास घासायचं ब्लीच यांतलं काही टाकीत ओतू नका. एक तर सीलं खाल्ली जातात, आणि मूत्रातल्या अमोनियाशी ब्लीच मिसळलं की घातक वायू सुटतो, तोही बंद छोट्या बाथरूममध्ये. लोखंडी सळई खुपसायचा मोहही आवरा. टाकी प्लॅस्टिकची आहे, भोक पडलं तर सगळी टाकीच बदलावी लागते. बर्फाचे खडे टाकून गाडी चालवायचा सल्ला सर्रास दिला जातो. बर्फ तरंगतो, मैला तळाला चिकटलेला असतो. खर्च बर्फाचा, काम फारसं काही नाही.

वास नक्की कुठून येतोय

वास आला की सगळे ब्लॅक टाकीवर खापर फोडतात. आधी तो केव्हा येतो ते बघा.

पेडल दाबल्यावरच येत असेल तर छतावरचा पंखा सुरू आहे का बघा. पंखा आतली हवा बाहेर फेकतो आणि ती भरून काढायला टाकीतली हवा उघड्या झडपेतून वर ओढली जाते. फ्लश करताना पंखा बंद. धावत्या गाडीत छताची खिडकी उघडी ठेवली तरी हेच होतं.

सतत येत असेल तर रात्री भांड्यात इंचभर पाणी ठेवून झोपा. सकाळी ते गायब असेल तर झडपेचं रबर सील गळतंय. बऱ्याचदा खाचेत कागदाचा तुकडा अडकलेला असतो. पाणीपुरवठा बंद करून, हातमोजा घालून, कापडाने खाच पुसा आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. व्हॅसलीन लावू नका, पेट्रोलियमने रबर फुगतं.

शॉवरजवळ किंवा सिंकखाली येत असेल तर ड्रेनपाईपच्या वळणातलं, वास अडवणारं पाणी सुकलंय किंवा प्रवासात हिंदकळून उडालंय. प्रत्येक ड्रेनमध्ये पेलाभर पाणी ओतलं की काम झालं. तरीही येत असेल तर सिंकखालच्या कपाटात पाईपच्या टोकाला हाताने फिरणारी एक छोटी काळी टोपी असते, हवा आत घेणारी आणि बाहेर न सोडणारी. ती अडकलेली असते. नवी आणून फिरवून बसवायची.

सगळं करूनही कारण सापडत नसेल तर छतावरून टाकीत उतरणारा व्हेंट पाईप तपासून घ्या. तो सरकून टाकीत खोल गेला की त्याचं खालचं तोंड मैल्यात बुडतं, वायूला वर जायची वाट उरत नाही आणि तो संडासातून बाहेर पडतो. हे सहसा कुणी बघत नाही.

आणि ग्रे टाकी! आपल्या गाड्यांत ग्रे टाकी ब्लॅकपेक्षा जास्त घाण मारते, हे ऐकून लोकांना राग येतो, पण कारण स्वयंपाकात आहे. फोडणीचं तेल, आमटीचं उरलेलं, भाताची शितं, चहाचा चोथा. हे सगळं कोमट, बंद टाकीत दोन दिवस आंबतं आणि तेलाचा थर तिच्या सेन्सरवरही बसतो. ताट-पातेलं आधी पेपर टॉवेलने पुसून घ्या, मग धुवा. सिंकच्या तोंडाला बारीक जाळी ठेवा. चोथा थेट कचऱ्यात. टाकी रिकामी केल्यावर दोनेक गॅलन गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन चमचे घालून पुढच्या मुक्कामापर्यंत गाडी चालवा, तेल सुटतं.

डंप स्टेशनवर

निघायच्या आदल्या दिवसापासून ग्रेचाही व्हॉल्व्ह बंद ठेवा, म्हणजे नळी धुवायला साबणाचं पाणी हाताशी राहील. मैल्याचं तोंड बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या बाजूला असतं, त्यामुळे ती बाजू जमिनीतल्या खड्ड्याला लागून येईल अशी गाडी लावा.

१. नायट्राइलचे हातमोजे घाला. दोन्ही दांडे पूर्ण आत ढकललेले आहेत का, हाताने दाबून खात्री करा.
२. तोंडाखाली पसरट टब किंवा कापलेला डबा ठेवा. मगच टोपण हळूच फिरवा.
३. नळीचं जमिनीकडचं टोक आधी पक्कं करा: कोपर-जोड फिरवून बसवा, आटे जुळत नसतील तर रबरी कडं घालून वर वजन ठेवा. जोर आला की मोकळं टोक सापासारखं उसळतं.
४. गाडीकडचं टोक बसवा. दोन्ही कान खुंट्यांत अडकून शेवटपर्यंत फिरले पाहिजेत. इथे पारदर्शक कोपर-जोड लावलात तर बाकी अंदाज करावा लागत नाही.
५. ब्लॅकचा दांडा एका झटक्यात पूर्ण ओढा. अर्धवट उघडला तर लोंढ्याचा जोर जातो.
६. प्रवाह थांबला की टाकी धुवा, ब्लॅक बंद करा, मग ग्रे उघडा.

पारदर्शक जोडातून बघत राहा. आधी गडद, दाट ओघ येतो आणि नळी गडगडते. मग ओघ पातळ होतो, कागदाचे करडे तुकडे गिरक्या घेत जातात, आवाज गुटगुट होत थांबतो. इथे फसू नका. अर्धं मिनिट थांबलं की टाकीतून आणखी एक गठ्ठा सुटून येतो. पाणी फिकट चहाच्या रंगाचं झालं की ब्लॅक झाली.

गाडीला आतून धुवायची सोय असेल तर बाहेरच्या बाजूला ‘ब्लॅक टँक फ्लश’ लिहिलेलं वेगळं तोंड असतं. तिथे लावायची नळी पिण्याच्या पाण्याची कधीही नको. आणि ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंद असताना हा फ्लश चालू करून दुसऱ्या कामाला लागू नका. नळ मिनिटाला ३ ते ५ गॅलन पाणी देतो; ३० गॅलनची टाकी सहा ते दहा मिनिटांत भरते आणि पुढचं पाणी छताच्या व्हेंटमधून किंवा संडासातून बाहेर येतं. भरून सोडायचंच असेल तर एक जण आत, संडासापाशी उभा हवा.

डंप स्टेशनवर बहुधा दोन नळ असतात. खड्ड्याजवळचा धुण्यासाठी, लांबचा पिण्याचा. पाटी वाचा. पिण्याच्या नळाला घाणेरडे हातमोजे लागू देऊ नका आणि मैल्याच्या नळीचं टोक तिथे धुवू नका. तुमच्यानंतरचा माणूस तिथूनच फ्रेश टाकी भरणार आहे.

टोपण काढताच बूट भिजत असतील तर व्हॉल्व्ह गळतोय. पात्याच्या खाचेत कागद अडकून ते पूर्ण बसत नाही. टाकी भरपूर पाण्याने धुऊन दांडा चार-पाच वेळा मागेपुढे करा. तरी गळत असेल तर बाहेरच्या तोंडावर फिरवून बसणारा आणखी एक व्हॉल्व्ह मिळतो, तो लावा. मग टोपण काढायच्या आधी नळी जोडता येते. थंडीत दांडा हलत नसेल तर आत बर्फ झालाय. जोर लावाल तर केबल तुटेल. हेअर ड्रायरची गरम हवा द्या आणि थांबा.

नळी

१० फुटी, ३ इंची नळी काठोकाठ भरली तर तिच्यात जवळजवळ १४ लिटर मावतं. ओघ थांबला म्हणजे ती रिकामी झाली, हा समज डिकीत वास भरायचं पहिलं कारण. तिच्या चुण्यांत पाणी अडून राहतं.

ग्रे सोडून झाल्यावर दोन्ही दांडे बंद करा आणि गाडीकडचं टोक आधी सोडा. ते वर धरून, हातांनी एक-एक फूट उचलत खड्ड्याकडे चालत जा, म्हणजे चुण्यांतलं पाणी पुढे सरकतं. मग धुण्याच्या नळाने वरच्या टोकातून दोन मिनिटं पाणी सोडा, पुन्हा तसंच चालत जा. त्यानंतर जमिनीकडचं टोक काढा, त्याचा जोडही तिथेच धुवा, खड्ड्याचं झाकण लावा. हातमोजे काढून कचऱ्यात, मग साबणाने हात.

दोन्ही टोकांना टोपणं लावा. ती हरवली असतील तर नवी घ्या, नळीबरोबरच्या सर्वांत उपयोगी वस्तू त्याच. ठेवायला जाड, झाकणाचा वेगळा डबा. पिण्याच्या पाण्याची पांढरी किंवा निळी नळी त्या कप्प्यात नकोच. टाकी धुवायची नळी वेगळ्या रंगाची घेतली की घाईत चूक होत नाही. काही ट्रेलरांच्या मागच्या चौकोनी बंपरमध्ये नळी सारतात. तिथे ती अडकते, आतल्या कडांनी खरचटते, आणि जोड न काढता मावतही नाही. त्यापेक्षा कुंपणासाठी मिळणारा ५ इंची पोकळ प्लॅस्टिक खांब गाडीखाली बसवणं बरं. टोकांना हवेसाठी भोकं पाडून त्यांवर बारीक जाळी लावा, नाहीतर गांधीलमाश्या घर करतात.

प्रवास संपल्यावर घरी टोपणं काढून नळी पूर्ण ताणून सावलीत, एक टोक उंच ठेवून वाळवा. उन्हात ठेवलीत तर प्लॅस्टिक ठिसूळ होतं. निर्जंतुक करायची असेल तर आधी साबणपाणी, स्वच्छ पाणी, आणि मगच ब्लीच: एका गॅलन पाण्यात एक तृतीयांश कप, म्हणजे ८० मिलिलिटर साधं घरगुती ब्लीच. दोन्ही टोकं बंद करून नळी पुढेमागे हलवा, पाचेक मिनिटांनी ते पाणी सीवरमध्येच ओता. मैला पूर्ण धुतलेला नसताना ब्लीच घातलंत तर वर सांगितलेला वायू इथेही सुटतो.

नळी सुईच्या अग्राएवढ्या भोकांनी गळते, आणि ती बहुधा जमिनीवर घासणाऱ्या खालच्या चुण्यांत असतात. वाळलेली नळी ताणून उजेडासमोर धरा, एका टोकातून आत बघत हळूहळू फिरवा. उजेडाचा ठिपका दिसला तर टेप लावत बसू नका, नवी आणा. भाड्याच्या गाडीत ही तपासणी गाडी ताब्यात घेताना, पार्किंगमध्येच करून घ्या. सोबत टोकांची रबरी कडी जागेवर आहेत का तेही बघा.